सेंट अँड्र्यूज येथील सार्वजनिक क्रीडाभूमि : तिचे लेख व तिची जपणूक

(१) प्रास्ताविक

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गांवीं गोल्फ खेळण्याचें जें जुनें मैदान आहे, त्याच्या इतिहासाचा कागदपत्रांच्या अनुरोधानें परामर्श घेण्याचें या लेखांत योजिलें आहे. सनदा, महजर व निवाडपत्रें यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पृष्ठांवर चेंडूच्या खेळाचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. कांहींस तो आमच्या उतारवयाचा छंदही वाटेल. परंतु विषय खेळाचा नसून जमिनीचा आहे, आणि जमिनीपेक्षांही अधिक कागदाचा आहे. एका गांवच्या वहिवाटीची समुद्रकांठची वाळवट जमीन पावणेपांचशें वर्षें सर्वांस मोकळी कशी राहिली, मध्यंतरीं ती हातची जाण्याची वेळ कशी आली, आणि ती परत मिळाल्यावर तिची निगा कोणीं व कशी राखिली, हें पाहण्यासारखें आहे.

आमचे एक जुने विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं तेथील विद्यापीठांत अध्ययनास होते. त्यांनीं या मैदानासंबंधींचीं कांहीं पुस्तकें व जुन्या लेखांच्या मुद्रित प्रती आम्हांस पाठविल्या. प्रथम आम्हीं त्या बाजूस ठेविल्या; पुढें एका पावसाळ्यांत सहज चाळावयास घेतल्या, आणि चार दिवस दुसरें कांहीं वाचवेना. त्याचें कारण लेखाच्या शेवटीं सांगूं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : हें मैदान उत्तम झालें तें त्यावर केलेल्या खर्चामुळें नव्हे. लोकांचा हक्क वेळेवर लिहून ठेविला गेला, तो लेख जपला गेला, आणि पुढें सुधारणा करणारांनीं त्या हक्कास धक्का न लावितां हात आंखडून काम केलें, म्हणून तें उत्तम झालें.

(२) स्थळ व खेळ

सेंट अँड्र्यूज हें फाइफ प्रांतांतील लहानसें गांव. मध्ययुगांत येथें स्कॉटलंडच्या धर्मसत्तेचें मुख्य पीठ होतें, आणि तेथील विद्यापीठास १४१३ सालीं पोपची मान्यता मिळाली. गांवाच्या वायव्येस समुद्र मागें हटून जी वाळूची उंचसखल पट्टी राहिली, तिला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. ही जमीन नांगरटीस निरुपयोगी. वाळूवर बारीक पात्याचें चिवट गवत, मधून मधून पिवळ्या फुलांचीं कांटेरी झुडपें, आणि वाऱ्यानें व गुराढोरांनीं पाडलेले उघड्या वाळूचे खड्डे, एवढीच तिची संपत्ति. पीक येत नाहीं म्हणूनच अशी जमीन गांवच्या सामाईक उपयोगास राहते. आपल्याकडील गायरानांचीही उत्पत्ति पुष्कळ ठिकाणीं अशीच आहे.

खेळाचें स्वरूप सोपें आहे. काठीनें चेंडू मारीत मारीत दूरच्या एका खळग्यांत घालावयाचा. तेथून पुढल्या खळग्याकडे जावयाचें. ज्याचे टोले कमी तो जिंकला. विटीदांडूची गल ज्यांनीं लहानपणीं कोरली आहे त्यांस अधिक सांगणें नको. खळग्याभोंवतीं गवत अगदीं बारीक राखलेलें असतें. त्या जागेस आम्ही पुढें ‘हिरवळ’ म्हणूं.

एक गैरसमज आरंभींच दूर केला पाहिजे. मैदानाच्या तोंडाशींच ‘रॉयल अँड एन्शन्ट’ नांवाच्या प्रसिद्ध क्लबाची १८५४ सालची भव्य इमारत उभी आहे. त्यामुळें मैदान त्या क्लबाचेंच, असें परकी माणूस गृहीत धरतो. तें तसें नाहीं. मैदान सार्वजनिक आहे. त्याच्या पहिल्या व शेवटच्या पट्टीस आडवा छेदून ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ नांवाचा रस्ता समुद्राकडे जातो. तो रहदारीचा रस्ता आहे, आणि त्यावरून माणसें व गाड्या जात असतां जगज्जेत्या खेळाडूसही थांबावें लागतें.

(३) मूळ लेख

या खेळाचा स्कॉटलंडांतील पहिला लेखी उल्लेख निषेधाचा आहे. दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटानें मार्च १४५७ मध्यें फुटबॉल व गोल्फ हे दोन्ही खेळ सर्वस्वीं बंद करावे असें फर्माविलें. इंग्लंडशीं वैर चालू होतें आणि लोक तिरंदाजीचा सराव सोडून या खेळांच्या नादीं लागले होते. हीच आज्ञा १४७१ व १४९१ सालीं पुन्हा काढावी लागली. इतिहासाच्या अभ्यासकास यांतील अर्थ तत्काळ कळेल : एकच मनाईहुकूम तीनदां काढावा लागतो तेव्हां तो कोणी मानीत नाहीं. १५०२ सालीं तर ज्या चौथ्या जेम्सच्या कारकीर्दींत तिसरा हुकूम निघाला त्याच राजाच्या जमाखर्चांत पर्थ येथील एका धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या घेतल्याची रक्कम खर्चीं पडलेली आहे. कायद्यापेक्षां खर्चाची वही अधिक खरें बोलते, हा आपल्या पेशवे दफ्तराचाही अनुभव आहे.

आतां मुख्य लेखाकडे वळूं. तो २५ जानेवारी १५५२ चा असून सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन व गांवचे अधिकारी यांच्यामधील आहे. तारखेविषयीं एक सूचना अवश्य आहे. त्या काळीं स्कॉटलंडांत नवें वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारीपासून वर्ष मोजण्याचा प्रघात १६०० सालापासून पडला. म्हणून हा लेख आजच्या गणनेनें १५५३ च्या जानेवारींतील, आणि वर सांगितलेली १४५७ ची आज्ञा १४५८ च्या मार्चांतील ठरते. शकांत ७८ मिळवावे कीं ७९, या प्रश्नानें पौष-माघांतल्या पत्रांवर ज्यांनीं रात्री घालविल्या आहेत त्यांस हें नवें नाहीं.

या लेखानें खेळाची परवानगी कोणीं कोणास दिली, असें पाहावयास गेल्यास अपेक्षेच्या उलट आढळतें. परवानगी मागणारा आर्चबिशप आहे. त्यास लिंक्सच्या उत्तर भागांत ससे पाळावयाचे होते; सशाचें मांस व कातडें यांस त्या वेळीं चांगला भाव असे. गांवानें तशी मोकळीक दिली, आणि त्याच लेखांत नागरिकांचे हक्क राखून ठेविले : गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर सर्व प्रकारचे खेळ लोकांनीं तेथें पूर्ववत् खेळावे. म्हणजे खेळाचा हक्क येथें निर्माण होत नाहीं. तो पूर्वापार आहे हें केवळ कबूल केलें जातें. आपल्या इनामपत्रांतून ‘हक्कदार व इनामदार खेरीजकरून’ असें जें कलम येतें, त्याचेंच हें भावंड म्हणावें. लेख लिहिला गेला सशांकरितां, आणि त्यानें तारलें खेळाला. ज्या वाक्यास लेखकानें केवळ अपवाद म्हणून जागा दिली तेंच अडीचशें वर्षांनीं मुख्य ठरलें.

(४) अठरा खळग्यांचा जन्म

पुढील दोन शतकें पटकन ओलांडून जाण्यास हरकत नाहीं. १४ मे १७५४ रोजीं बावीस सरदार व गृहस्थ यांनीं एकत्र येऊन रुप्याच्या काठीच्या बक्षिसाकरितां खेळण्याचें ठरविलें. वर सांगितलेल्या क्लबाचा हा आरंभ होय. ‘रॉयल अँड एन्शन्ट’ हें नांव त्यास १८३४ सालीं चौथ्या विल्यम राजाकडून मिळालें.

मैदानाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष १७६४ हें होय. त्या काळीं खेळाडू एका अरुंद पट्टीनें सरळ बाहेर जात व त्याच वाटेनें, त्याच खळग्यांवरून परत येत. असे जाऊन येऊन बावीस डाव होत. १७६४ च्या आक्टोबरांत सभासदांनीं आपल्या टिपणवहींत असा ठराव लिहिला कीं, पहिल्या चार खळग्यांचे दोन करावे, त्यांत लिंक्सची सुधारणा आहे. जातांना दोन कमी, येतांना दोन कमी. बावीसाचे अठरा झाले. आज पृथ्वीवर सर्वत्र या खेळाचे अठरा डाव धरतात त्याचें मूळ या एका ओळींत आहे. त्यामागें कोणतेंही गणित अथवा शास्त्र नाहीं. चार खळगे फार जवळ जवळ होते, एवढेंच. आणि या मैदानावरील पहिली लेखी सुधारणा कांहीं वाढविण्याची नसून कमी करण्याची आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

(५) सशांचें प्रकरण

अठराव्या शतकाच्या अखेरीस गांव कर्जांत बुडालें. १७९७ सालीं नगरसभेनें लिंक्सची जमीन विकली. विकतांना गोल्फच्या खेळास बाध येऊं नये अशी अट घातली होती. पण दोनच वर्षांत, १७९९ मध्यें, जमीन डेम्प्स्टर नांवाच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि त्यांनीं तेथें सशांची पैदास सुरू केली. वाळूंत ससे किती वेगानें वाढतात व किती बिळें करतात हें निराळें सांगावयास नको. खेळावयाची जमीन पोखरून गेली. चेंडू बिळांत जाऊं लागले, गवत मुळासकट खाल्लें जाऊं लागलें.

खेळाडू न्यायालयांत गेले. व्यापाऱ्यांचें म्हणणें असें कीं जमीन आमच्या मालकीची आहे आणि ससे पाळण्याचा अधिकार तर जुन्या लेखांतच आहे. खेळाडूंचें म्हणणें असें कीं त्याच लेखांत आमचा हक्क राखलेला आहे, आणि ज्या उपयोगानें तो हक्क नष्ट होईल तो उपयोग मालकासही करतां येत नाहीं. दोन्ही पक्षांचा आधार एकच कागद! वाद वर्षानुवर्षें चालला. गांवकऱ्यांनीं सशांची शिकार आरंभिली, मारामाऱ्या झाल्या, आणि खटला अखेर लंडनास हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. इंग्रजी निवाड्यांच्या संग्रहांत तो ‘डेम्प्स्टर विरुद्ध क्लेगहॉर्न’ या नांवानें १८१३ सालीं नमूद आहे. तेथूनही प्रकरण कायमचें मिटलें नाहीं. मिटलें तें १८२१ सालीं, शेजारच्या स्ट्रॅथटायरम येथील जमीनदार जेम्स चीप यानें लिंक्स विकत घेतली तेव्हां. तो स्वतः खेळाडू होता. ससे हटले आणि खेळ राहिला.

येथें एक विचार मनांत येतो. कायद्यानें लोकांस जमीन परत मिळवून दिली असें म्हणतां येत नाहीं. ती एका सुस्वभावी धनिकानें घेतली म्हणून वांचली. परंतु वीस वर्षें ती तग धरून राहिली ती कागदाच्या बळावर. कागद नसता तर चीपनें विकत घ्यावें असें मैदानच १८२१ पर्यंत उरलें नसतें.

(६) गर्दी आणि तिच्यावरील उपाय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मैदानापुढें निराळें संकट आलें. पूर्वीं चेंडू चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून करीत. तो महाग असे व पावसांत फुटे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचा स्वस्त व टिकाऊ चेंडू आला. पाठोपाठ १८५२ सालीं गांवास आगगाडी आली. जो खेळ थोड्या गृहस्थांचा होता तो सर्वांच्या आंवाक्यांत आला, आणि एकाच अरुंद पट्टीवर जाणारे व येणारे समोरासमोर येऊं लागले.

या काळांतील गांवचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, सर ह्यू लायन प्लेफेअर हा होता. हा मनुष्य आपल्या देशास अपरिचित नाहीं. बंगालच्या तोफखान्यांत त्यानें कंपनीची नोकरी केली होती आणि १८३४ सालीं निवृत्त होऊन तो स्वगृहीं परतला. १८४२ पासून १८६१ सालीं मृत्यु येईतोंपर्यंत त्यानें गांवचे रस्ते सुधारले, घाण काढली, मैदानाच्या मुखाशीं समुद्राकडील बाजूस भर घालून जागा वाढविली. मैदानावरील प्रत्यक्ष कामाचें श्रेय अॅलन रॉबर्टसन याजकडे जातें. हा पिसांचे चेंडू करणारा कारागीर व त्या काळचा अव्वल खेळाडू. त्याच्या वेळीं पट्टी रुंद होत गेली व हिरवळी मोठ्या झाल्या, आणि १८५७ च्या सुमारास एकाच हिरवळीवर दोन दोन खळगे ठेवण्याची पद्धत रूढ झाली : एक जाणारांकरितां, त्यावर पांढरें निशाण, एक येणारांकरितां, त्यावर तांबडें.

या योजनेचें सौंदर्य असें कीं नवी जमीन जवळ जवळ घ्यावी लागली नाहीं. समुद्र व शेतें यांच्यामध्यें जी जागा होती तिच्यांतच दुप्पट माणसें मावलीं. आजही तेथें सात जोडहिरवळी आहेत. दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, चवथा व चवदावा, याप्रमाणें आठवा व दहावा येथपर्यंत जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा येते. पहिला, नववा, सतरावा व शेवटचा हे चार मात्र एकटे आहेत.

रॉबर्टसन १८५९ सालीं वारला. त्याचा जुना शागीर्द टॉम मॉरिस हा नव्या चेंडूवरून गुरूशीं तंटा होऊन १८५१ सालीं प्रेस्टविक येथें गेला होता. गुरूचा धंदा पिसांच्या चेंडूचा, आणि शिष्य गटापर्चाच्या चेंडूनें खेळतांना सांपडला, हें तंट्याचें मूळ. त्यास क्लबानें १८६४ सालीं मैदानाचा राखणदार म्हणून परत बोलाविलें. वार्षिक वेतन ५० पौंड, आणि जड कामास आठवड्यांतून दोन दिवस एक गडी. अधिकाराचीं चिन्हें म्हणून त्याच्या हातीं एक हातगाडी, एक कुदळ व एक फावडें दिलें. एवढ्या सामग्रीवर त्यानें १९०३ पर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, मैदान सांभाळिलें. १९०८ सालीं तो वारला.

मॉरिसच्या पद्धतीचा विस्तार करावयास हवा, कारण निगा म्हणजे काय तें येथें दिसतें. पहिलें, वाळू. हिरवळीवर वारंवार वाळूचा पातळ थर पसरावयाचा. गवत त्यांतून वर येतें, पृष्ठभाग सपाट होतो व पाणी खालीं झिरपतें. लिंक्सचें बारीक गवत निकस जमिनींतच टिकतें. खत व पाणी फार झालें कीं रुंद पात्याचें मऊ गवत माजून त्यास मारतें. म्हणून भरपूर खतपाणी घालणें हें तेथें जपणुकीचें नव्हे तर नाशाचें लक्षण ठरतें. दुसरें, पाळी. त्या काळीं हें मैदान एके आठवडीं डावीकडून व दुसरे आठवडीं उजवीकडून असें उलटसुलट खेळलें जाई, आणि त्यामुळें एकाच जागीं टोल्यांचे घाव बसत नसत. १८७० च्या सुमारास मॉरिसनें स्विल्कन ओढ्यालगत पहिल्या खळग्याकरितां निराळी हिरवळ केली. तेव्हांपासून उजवीकडून खेळणें सुलभ झालें व हळूहळू तेंच कायम झालें. आज मैदानांतील कित्येक वाळूचे खड्डे अस्थानीं वाटतात; मैदान उलट दिशेनें चालून पाहिल्यास त्यांचा अर्थ लागतो. पुसून पुन्हा लिहिलेल्या पोथींत खालचीं अक्षरें दिसावीं तसाच हा प्रकार.

तिसरें, विसावा. रविवारीं हें मैदान खेळास बंद असतें. तुम्हांस विश्रांति नको असली तरी जमिनीस हवी, अशा अर्थाचें उत्तर मॉरिसनें एका खेळाडूस दिल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण प्रघात खरा आहे. मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडल्यास आजही रविवारीं गोल्फ नाहीं. त्या दिवशीं गांवचीं माणसें मुलें व कुत्रीं घेऊन जगप्रसिद्ध हिरवळींमधून फिरतात. जमीन विसावा घेते, आणि ती कोणाची आहे याची आठवण सर्वांस आठवड्यांतून एकदां होते.

(७) कायदे व कारभार

१८९० नंतर चीप घराण्यानें लिंक्स विकावयास काढली. ती १८९३ सालीं क्लबानें घेतली, आणि गांवांत क्षोभ झाला. सशांपासून वांचलेलें मैदान आतां खाजगी मंडळीच्या कुंपणांत जाणार अशी भीति लोकांस वाटली. प्रकरण पार्लमेंटांत गेलें व १८९४ चा लिंक्सचा कायदा झाला. त्याची तोडजोड अशी : जमिनीची मालकी गांवाकडे यावी, जुन्या मैदानाची निगा क्लबानें करावी, गर्दी वांटली जावी म्हणून क्लबानें स्वखर्चानें दुसरें मैदान बांधावें, त्याबद्दल क्लबाच्या सभासदांस कांहीं वेळा राखून मिळाव्या, आणि गांवकऱ्यांनीं जुन्या मैदानावर विनामूल्य खेळावें. त्याप्रमाणें १८९५ सालीं दुसरें मैदान झालें. सव्वाशें वर्षें उलटून गेलीं तरी त्याचें नांव ‘नवें मैदान’ असेंच आहे. १८९७ सालीं ‘ज्युबिली’ व १९१४ सालीं ‘ईडन’ हीं मैदानें झालीं.

द्रव्याचा प्रश्न पुढेंच होता. १९१३ च्या कायद्यानें बाहेरच्या खेळाडूंकडून शुल्क घेण्याची मुभा मिळाली. गांवचा करदाता मात्र १९४६ पर्यंत फुकट खेळे. स्थानिक स्वराज्याची पुनर्रचना होऊन जुनी नगरसभा १९७५ सालीं नाहींशी व्हावयाची होती. तेव्हां मैदानें कोणाच्या हातीं जाणार हा प्रश्न उभा राहिला. म्हणून १९७४ सालीं पार्लमेंटानें आणखी एक कायदा करून लिंक्स ट्रस्ट स्थापिला. त्यांत क्लब व स्थानिक शासन या उभयतांचे प्रतिनिधि असतात. येणारें उत्पन्न मैदानांवरच खर्च व्हावयाचें, आणि मैदानें जनतेकरितां राखावयाचीं, हें त्याचें सूत्र. आज त्याच्याकडे सात मैदानें आहेत. सातवें, ‘कासल’, २००८ सालीं खुलें झालें.

मागणी मात्र जुन्या मैदानाचीच अधिक. तेथें खेळावयाच्या बऱ्याचशा वेळा दैनंदिन सोडतीनें वांटल्या जातात. नांव निघालें तर दुकानदारही खेळतो, नाहीं निघालें तर लक्षाधीशही वाट पाहतो. एकट्यानें आलेले खेळाडू पूर्वीं रात्रभर दाराशीं रांग लावीत; २०२४ पासून त्यांच्याकरितांही सोडत सुरू झाली. स्त्रियांच्या खेळासही येथें लवकर स्थान मिळालें. १८६७ साली त्यांनीं आपला स्वतंत्र क्लब काढिला. त्यांची चढउतारांची हिरवळ ‘हिमालय’ या नांवानें ओळखली जाते, आणि तीही अल्प शुल्कांत सर्वांस खुली असते.

(८) सुधारणेच्या मर्यादा

सुधारणेचा मोह अलीकडेही झाला. २०१५ च्या मोठ्या स्पर्धेच्या पूर्वतयारींत, २०१२ च्या हिंवाळ्यापासून, कांहीं खड्डे हलविले, अकराव्या हिरवळीचा एक भाग सपाट केला, सतराव्याच्या खड्ड्यांत फेरफार केला. त्यावर जगभरच्या जाणत्यांनीं टीका केली, आणि काम पुरें झालें. २०२३ च्या फेब्रुवारींत अठराव्या पट्टीवरील स्विल्कन ओढ्याच्या जुन्या दगडी पुलाशीं एक गोल फरसबंदी बसविण्यांत आली. हेतु वाईट नव्हता. छायाचित्रें घेणारांच्या पायांनीं तेथील गवत मरत असे, तें वांचवावयाचें होतें. पण लोकांनीं असा गिल्ला केला कीं ट्रस्टनें थोड्याच दिवसांत फरशी उखडून पुन्हा गवत लाविलें.

या दोन उदाहरणांवरून कोणी म्हणेल कीं लोक सुधारणेस विन्मुख आहेत. तें खरें नाहीं. अठरा खळगे, जोडहिरवळी, मॉरिसची नवी हिरवळ, दुसरें मैदान, या सर्व सुधारणाच होत व त्या टिकल्या. टिकलेल्या व न टिकलेल्या सुधारणांत आम्हांस भेद दिसतो तो असा : टिकलेली प्रत्येक सुधारणा मैदानावर येणाऱ्या माणसांच्या गर्दींतून निघाली आणि मूळ जमिनीचा घाट तिनें मोडला नाहीं. पोथीच्या संशोधकास हा नियम परिचयाचा आहे. पाठ शुद्ध करावा, पण मूळ अक्षर खरवडूं नये. आणि दुरुस्ती कोठें केली तें नोंदून ठेवावें.

(९) समारोप

या मैदानाचा आपल्या प्रांताशीं प्रत्यक्ष संबंध एक आहे, तो लहान असला तरी नोंदण्याजोगा आहे. १८४२ सालीं मुंबईस गोल्फ खेळणारांचा क्लब निघाला, आणि त्याच दशकांत त्या मंडळींनीं सेंट अँड्र्यूजच्या क्लबास एक रौप्यपदक पाठविलें. वसंत ऋतूंतील तेथील सामन्यांत ‘बॉम्बे मेडल’ या नांवानें त्याकरितां खेळण्याचा प्रघात पडला. मुंबईचें नांव त्या वाळूवर असें कोरलें गेलें.

आतां आरंभीं दिलेलें वचन पुरें करतों. आम्ही ज्या गांवीं प्रथम शिक्षक झालों तेथें शाळेच्या पाठीमागें मोकळी जागा होती. पोरें तेथें विटीदांडू व हुतुतू खेळत, गुरें बसत, जत्रेच्या दिवशीं पाल पडत. ती गांवची आहे याविषयीं कोणास शंका नव्हती, म्हणूनच कोणीं कांहीं लिहून मागितलें नव्हतें. एके वर्षीं तेथें कुंपण पडलें. गांवकरी कागद शोधूं लागले. शाळेशेजारच्या एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर मोडी रुमाल होते. एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले व म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही शिकलेले, एवढे पाहा.’ आम्ही संस्कृताचे पदवीधर. मोडी म्हणजे कारकुनांचें अक्षर, अशी आमची त्या वेळची समजूत. ‘आम्हांस मोडी येत नाहीं’ असें आम्हीं सांगितलें, आणि तें सांगतांना आम्हांस लाज वाटली नाहीं. बारा वर्षांनीं मोडी शिकून आम्ही तो माळा पाहावयास गेलों तेव्हां रुमालांच्या जागीं वाळवीची माती होती. त्या कागदांत जागेचा उल्लेख होता कीं नव्हता, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. कुंपण अद्याप आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे. राजपत्रें, मोहिमांचीं वृत्तें, थोरांचे हस्ताक्षरांचे नमुने आपण जपतां, तें योग्यच आहे. परंतु चराईचा, ओढ्याच्या पाण्याचा, गांवठाणाच्या शिवेचा एखादा फाटका कागद रुमालांत सांपडला तर तो क्षुल्लक म्हणून दूर ठेवूं नका. त्याची नक्कल करून गांवास कळवा. सशांविषयींच्या कराराच्या एका कलमानें एक मैदान पावणेपांचशें वर्षें राखलें. आपल्या संग्रहांतील कोणतें कलम कोणत्या गांवास केव्हां उपयोगीं पडेल, हें आज सांगतां येत नाहीं; तें वाचून ठेवणें मात्र आपल्या हातीं आहे.